घरच्या घरी आंब्याची मस्तानी: सुट्टीत जमलेल्या दहा जणांसाठी

मे महिन्याची सुट्टी लागली की घरं भरतात. मामे-मावस भावंडं येतात, त्यांच्या मागोमाग आत्या-काका येतात, दुपारभर पत्ते आणि कॅरम चालतो आणि पाच वाजले की सगळ्यांना काहीतरी गार हवं असतं. त्या वेळी प्रत्येकाच्या हातात मस्तानीचा ग्लास द्यायचा बेत असेल, आणि याआधी कधी घरी केली नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे.

मस्तानी पुण्याची. दाट मिल्कशेक, त्यावर आईस्क्रीमचा गोळा, वर सुकामेवा, आणि सोबत लांब दांड्याचा चमचा. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीपाशी ‘सुजाता मस्तानी’पुढे उन्हाळ्याच्या संध्याकाळी उभं राहून खाल्लेली असेल, तर तिचा दाटपणा लक्षात असेलच. ती आधी चमच्याने खायची असते, मग प्यायची. घरी केलेली मस्तानी बहुतेक वेळा इथेच मार खाते. चव छान येते, पण ग्लासात येतं ते आंब्याचं पातळ दूध, आणि त्यात गोळा टाकला की तो बुडतो.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो आदल्या रात्री करायचा असतो. दूध, आंब्याचा रस, मिक्सरचं भांडं, ग्लास हे सगळं आधीच गार असलं पाहिजे. ते गार नसलं की माणूस बर्फ घालतो, बर्फाचं पाणी होतं आणि आटवलेल्या दुधाची सगळी मेहनत वाया जाते. मस्तानीच्या ग्लासात बर्फाचा एक खडाही जाता कामा नये. बर्फ लागेल, पण तो ग्लासाच्या बाहेर. ते पुढे सांगते.

काय काय आणायचं

३०० मिलिलिटरच्या दहा उंच ग्लासांसाठी:

- फुल क्रीम दूध १ लिटर
- पिकलेले हापूस ६ ते ७
- व्हॅनिला किंवा आंबा आईस्क्रीमचे ७०० मिलिलिटरचे दोन फॅमिली पॅक
- साखर ४ मोठे चमचे
- कॉर्नफ्लॉर १ मोठा चमचा
- केशराच्या ८-१० काड्या आणि चिमटीभर मीठ
- काजू, बदाम, पिस्ते मिळून एक वाटी. टुटीफ्रुटी आणि चेरी मुलांच्या आवडीप्रमाणे

दूध घेताना पिशवीवर वाचून घ्या. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. टोन्ड दूध कितीही आटवलं तरी तो भरदारपणा येत नाही. घरी म्हशीचं दूध येत असेल तर उत्तमच.

आईस्क्रीमच्या डब्यावरही बारीक अक्षरात काय लिहिलंय ते पाहा. ‘आईस्क्रीम’ लिहिलं असेल तर त्यात दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के असावा लागतो. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी वापरलेली असते. दुकानातल्या फ्रीजरमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि डबे दिसायला सारखेच. नुसतं खायला एखाद्याला फरक कळणार नाही, पण शेकमध्ये फिरवल्यावर टाळ्याला तेलकट थर जाणवतो. मस्तानीसाठी आईस्क्रीमच घ्या.

आंबा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण दूध आणि आईस्क्रीम सगळीकडे तेच मिळतं. तुमची मस्तानी वेगळी लागणार ती आंब्यामुळे.

पहिली पसंती हापूसला. गर घट्ट, रेषा जवळजवळ नाहीत, रंग केशरी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात हापूस म्हणून परराज्यातलेही आंबे येतात, म्हणून नेहमीच्या, ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. केसर चालतो, गोडीला कमी नाही. पायरी मात्र आमरसासाठी ठेवा: रस पातळ आणि रेषा जास्त, त्यामुळे शेक सैल होतो.

पार्टीच्या चार-पाच दिवस आधी थोडे कडक आंबे आणून घरीच पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून पिकवा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, तरी तसे आंबे दिसतात. वरून एकसारखे पिवळे, पण देठाशी नाक नेलं तर वास नाही, असा आंबा उचलू नका. पिकलेल्या हापूसचा वास टोपली उघडायच्या आधी येतो.

पार्टीच्या आदल्या दिवशी आंबे अर्धा तास पाण्यात ठेवा. देठ काढून थोडा दाबा, चीक निघून जाऊ द्या आणि तिथला भाग पुसून घ्या. मग साल काढून फोडी करा. आमरसासारखे पिळू नका, पिळताना कोयीजवळच्या रेषा आणि आंबट भाग रसात उतरतो.

प्रत्येक आंबा कापून, एक फोड खाऊन पाहा आणि मगच भांड्यात टाका. हापूसला साका नावाचा दोष असतो. बाहेरून आंबा निर्दोष दिसतो, पण आत कोयीच्या बाजूला गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. साका असलेला एक आंबा सगळ्या रसात मिसळला तर चव बिघडतेच, शिवाय आंबटपणामुळे दूध फाटायची भीती असते. यादीत एक-दोन आंबे जास्त धरले आहेत ते याचसाठी.

फोडी पाणी न घालता मिक्सरमधून फिरवा. साधारण ६०० ग्रॅम रस हवा, म्हणजे मोठ्या चार वाट्या. दोन फोडींचे बारीक तुकडे ग्लासाच्या तळाशी घालायला बाजूला ठेवा. आता रसाचे दोन भाग करा. अर्धा रस बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर फ्रीजरमध्ये, उरलेला झाकण लावून फ्रीजमध्ये. बर्फाऐवजी आपण हे रसाचे खडे वापरणार आहोत. ते वितळले तरी आंबाच उतरतो.

परदेशात असाल आणि डब्यातला रस वापरत असाल तर साखरेचा अंदाज बदला. ८५० ग्रॅमचा जो डबा भारतीय दुकानात मिळतो त्यात बहुतेक वेळा साखर आधीच असते. दुधात वरची साखर अजिबात घालू नका, शेवटी चाखून ठरवा. तिथलं होल मिल्कसुद्धा आपल्या फुल क्रीमपेक्षा पातळ असतं, म्हणून लिटरमागे तीन मोठे चमचे दूध पावडर गार दुधात कालवून घाला आणि मग आटवा.

दूध

जाड बुडाच्या पातेल्यात दूध तापत ठेवा. त्यातलं अर्धी वाटी गार दूध आधीच बाजूला काढून ठेवा, ते कॉर्नफ्लॉरसाठी लागेल. उकळी आली की आच मंद करा. उलथन्याचा दांडा दुधात उभा धरून जिथपर्यंत ओला होतो तिथे खूण करा. दूध या खुणेच्या चार-पंचमांशावर आलं की आटणं पुरे. पंधरा-वीस मिनिटं लागतात. कडेला चिकटणारी साय खरवडून परत दुधात ढकलत राहा आणि तळ ढवळत राहा. बासुंदी करायची नाही, त्यामुळे दूध गुलाबीसर होईपर्यंत थांबू नका. जास्त आटलेल्या दुधाची खमंग चव चांगलीच असते, पण ती हापूसला झाकते.

आता साखर, केशर आणि मीठ घाला. मीठ म्हणजे खरोखर चिमूट, दहा ग्लासांना मिळून. त्याने आंब्याची गोडी वर येते. बाजूला ठेवलेल्या गार दुधात कॉर्नफ्लॉर गुठळी न होता कालवा, हळूहळू ओता आणि ढवळत तीन मिनिटं शिजवा. कमी शिजवलं तर कच्च्या पिठाची चव राहते. गरम असताना दूध फक्त किंचित दाटसर वाटेल, पळीच्या मागे पातळ थर धरेल, तेवढंच हवं. थंड झाल्यावर ते आपोआप आणखी दाट होतं. या पायरीवर घाबरून अजून एक चमचा कॉर्नफ्लॉर घालायचा मोह होतो. घालू नका, सकाळी फ्रीजमध्ये खीर सापडेल.

वेलची घालावी का, असं बरेचजण विचारतात. माझं मत विचाराल तर हापूसला तिची गरज नाही. श्रीखंडात आणि आमरसात ती सवयीने पडते, पण इतक्या गार पदार्थात आधी वेलचीच लागते आणि आंबा मागे राहतो.

दूध गाळणीतून गाळा, म्हणजे सायीचे तुकडे राहणार नाहीत. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, पाणी दोनदा बदला. उन्हाळ्यात दूध ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. कोमट झालं की लगेच फ्रीजमध्ये, आणि रात्रभर तिथेच. आत्ता चव घेतली तर दूध थोडं जास्त गोड वाटायला हवं. गार पदार्थात जिभेला गोडी कमी लागते.

गोळे आधीच पाडून ठेवा

ही युक्ती एकदा केलीत तर पुढच्या प्रत्येक पार्टीला कराल. ऐन वेळी दहा गोळे काढत बसलं की पहिले तीन वितळतात, डबा नरम होतो आणि मुलं ओट्याभोवती गर्दी करतात. त्यापेक्षा आदल्या रात्री स्टीलच्या ताटाला बटर पेपर लावा, चमचा कोमट पाण्यात बुडवून पुसत पुसत दहा गोळे पाडा आणि ताट झाकून फ्रीजरमध्ये सरकवा. ताट आधी पाच मिनिटं रिकामंच फ्रीजरमध्ये ठेवलं तर गोळे तळाशी पसरत नाहीत. दहा गोळ्यांना साधारण ७०० मिलिलिटर, म्हणजे एक पॅक जाईल. दुसऱ्यातलं ४०० मिलिलिटर शेकमध्ये फिरवायचं आहे, उरलेलं जादा मागणाऱ्यांसाठी.

काजू-बदाम मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडेच भाजून, गार करून जाडसर चिरा. गारव्यात सुकामेवा मऊ, निर्जीव लागतो. भाजल्याने कुरकुरीत राहतो. पिस्ते भाजायची गरज नाही, नुसते काप करा. चार वर्षांखालच्या मुलांच्या ग्लासात अख्खी चेरी किंवा अख्खा काजू नको, बारीक तुकडेच घाला. पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाणे-काजूची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा, आणि सुकामेवा वेगळ्या वाटीत ठेवून ज्याचा त्याला घेऊ द्या.

प्रत्यक्ष करताना

पाचला द्यायची असेल तर साडेचारला ग्लास आणि मिक्सरचं मोठं भांडं फ्रीजमध्ये ठेवा. पावणेपाचला रसाचे खडे बाहेर काढा. पाच मिनिटं ओट्यावर राहिले की थोडे सैल होतात. एकदम दगडासारखे टाकले तर घरगुती मिक्सरची पाती अडकतात आणि मोटार तापते.

दहा ग्लासांचं एकदम फिरवू नका. तीन घाण्यांत करा. एका घाण्यात जाईल:

१. रसाचे खडे एक तृतीयांश आणि गार दूध साधारण एक वाटी. आधी एवढंच फिरवा, खडे फुटेपर्यंत. मिक्सर सलग चालू ठेवू नका, पाच-पाच सेकंद चालू-बंद करा.

२. फ्रीजमधला पातळ रस एक तृतीयांश आणि अजून थोडं दूध, मिळून घाण्याला २७० मिलिलिटरच्या आसपास दूध जाईल. दहा सेकंद फिरवा.

३. शेवटी दोन मोठे गोळे आईस्क्रीम. आता फक्त दोन झटके. आईस्क्रीममध्ये फेटून भरलेली हवा असते, तीच शेकला हलकेपणा देते. जास्त फिरवलंत की ती हवा निघून जाते, पात्यांच्या घर्षणाने शेक तापतो आणि पातळ होतो.

दाटपणा असा बघा: भांड्यात चमचा बुडवून उचला आणि शेक परत भांड्यात पडू द्या. पडलेली धार वरच क्षणभर दिसत राहिली, मग मिसळली, तर बरोबर आहे. धार लगेच नाहीशी झाली तर अजून दोन खडे आणि थोडं आईस्क्रीम घाला. चमच्यावरून पडतच नसेल तर दोन चमचे गार दूध.

पहिला घाणा झाला की तो जगमध्ये ओता आणि जग एका मोठ्या पातेल्यात बर्फात ठेवा. त्या बर्फावर मूठभर जाडं मीठ टाका. मिठाने बर्फ शून्य अंशाच्या खाली जातो. पॉटचं आईस्क्रीम याच तत्त्वावर होतं. अशाने पहिले घाणे पंधरा-वीस मिनिटं चांगले गार राहतात, आणि उन्हाळ्यात ऐन वेळी वीज गेली तरी हात-पाय गळत नाहीत. जगावर ताटली झाका, बाहेरचं खारट पाणी आत उडता कामा नये.

ग्लास भरायला दुसरं माणूस हवं. एकाने मिक्सर, एकाने ग्लास. सुट्टीत घर भरलेलं असतंच, मोठ्या मुलांपैकी कोणालातरी हाताशी घ्या. ग्लासाच्या तळाशी आंब्याचे चार तुकडे, मग शेक दोन बोटं जागा सोडून, मग गोळा. गोळा वरून टाकू नका, चमच्याने कडेने अलगद सोडा. शेक पुरेसा दाट असेल तर गोळा अर्धा वर राहतो, आणि जिथे गोळा शेकला टेकतो तिथे मिनिटभरात पातळ, फेसाळ अशी पांढरी कड धरते. ग्लास आत्ताच हातात द्यायचा. त्यावर सुकामेवा, हवी तर टुटीफ्रुटी, आणि वर चेरी. उत्तम हापूसला टुटीफ्रुटी लागत नाही असं मला वाटतं, पण सात वर्षांच्या मुलाला ती लागतेच, तेव्हा वाटी मांडून ठेवा.

बारीक स्ट्रॉ देऊ नका, शेक वर चढणार नाही. जाड स्ट्रॉ मिळाला तर ठीक, नाहीतर लांब चमचा पुरेसा आहे.

सोबत काय ठेवायचं याचाही विचार करा. दुपारी पुरणपोळी झाली असेल तर त्याच दिवशी मस्तानी नको, दोन्हींचा अपमान होतो. दुपारचं जेवण हलकं ठेवा आणि पाच वाजता मस्तानीबरोबर भेळ किंवा चिवडा मांडा. गोडावर तिखट-आंबट आलं की लोक ग्लास संपवतात. मधुमेह असलेल्यांसाठी त्यांना विचारून छोट्या ग्लासात, वरचा गोळा न घालता द्या. सगळे मजेत पीत असताना एखाद्याच्या हातात नुसतं पाणी राहिलं तर बरं वाटत नाही.

आंब्याचा हंगाम नसेल तर

दिवाळीच्या सुट्टीत सीताफळाची करा. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि सासवडच्या बाजूचं सीताफळ पुण्याच्या बाजारात भरपूर येतं. गर चाळणीवर हाताने घासून बिया काढा. बियांसकट मिक्सरला लावू नका, त्या पोटात जाणं घातक आहे. गर तापवूही नका, तापवल्यावर कडवट होतो. तो गार दुधात शेवटी मिसळायचा, थोडा रवाळ राहिला तर उलट छान लागतो. साखर निम्मी करा, केशर वगळा.

नाताळच्या सुट्टीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते. तिच्यात आंबटपणा बराच, त्यामुळे कच्चा गर थेट दुधात घातला तर दूध फाटू शकतं. फोडी साखरेबरोबर आठ-दहा मिनिटं शिजवून, पूर्ण गार करून मग वापरा, आणि शेक केल्या केल्या लगेच द्या.

फळ नको असेल तर केशर-पिस्ता: भिजवून सोललेले पाऊण वाटी पिस्ते थोड्या दुधात वाटून आटवलेल्या दुधात घाला, थंड करा आणि निम्मं दूध ट्रेमध्ये गोठवून रसाच्या खड्यांच्या जागी वापरा. बाकी कृती तीच.

शेक उरलाच, तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मस्तानी म्हणून देऊ नका, तो खाली पाणी सोडतो. कुल्फीच्या साच्यात किंवा छोट्या स्टीलच्या वाट्यांत ओता, वर उरलेला सुकामेवा टाका, झाकून फ्रीजरमध्ये ठेवा. सात-आठ तासांत घट्ट होतो आणि तीन-चार दिवस चांगला राहतो. साचा अर्धा मिनिट पाण्यात धरला की कुल्फी सुटून येते.